युवा प्रशिक्षणार्थी म्हणून झेडपीच्या शाळेत जावं, का इंग्लिश मीडियमला असिस्टंट टीचर व्हावं? मी दोन्ही केलंय

गेल्या महिन्याभरात तिघीजणींनी मला हेच विचारलं. ताई, ग्रॅज्युएशन झालंय, घरी बसून काय करू, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतनं शाळेत जाऊ का इथंच कोल्हापुरात एखाद्या इंग्लिश मीडियमला लागू? मी आधी ११ महिने पन्हाळा तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत होते, नंतर वर्षभर शहरातल्या एका खासगी शाळेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी पैशाचं बोलू. योजनेत बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय नाहीतर डिप्लोमा असेल तर ८,००० आणि ग्रॅज्युएटला १०,००० विद्यावेतन. वय १८ ते ३५, आणि कॉलेज चालू असेल तर बसत नाही. २०२४ ला सुरू झाली तेव्हा ६ महिने होते, पुढच्या वर्षी ५ वाढवून ११ केले. खासगी शाळेत मला ६,५०० होते आणि मे महिन्याचे दिलेच नाहीत, सुट्टी होती म्हणून. म्हणजे आकड्यात योजनाच पुढं आहे, पण खासगीतले पैसे ७ तारखेला हातात पडायचे आणि योजनेतले माझे पहिल्या दोन महिन्यांचे एकदम तिसऱ्या महिन्यात आले, तोवर एसटीला आईकडनं पैसे घेत होते, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तरी निभावलं. आणखी एक, खातं आधारला लिंक आहे म्हणजे झालं असं समजू नका, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधारची वेगळी जोडणी (सीडिंग) असते, ती कुठल्या बँकेत आहे ते आधी बघा. माझ्याबरोबरच्या एकीचे पैसे जुन्या स्कॉलरशिपच्या खात्यात जाऊन पडलेले आणि ती बिचारी दुसरंच पासबुक भरून आणत होती.

योजनेत महिन्यात १० दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं विद्यावेतन जातं. पीएफ नाही, किमान वेतन लागू नाही, कारण कागदोपत्री ते प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. कायम करा म्हणून पोरापोरींनी मुंबईत जाऊन आंदोलनं केली, त्यांचं दुःख मला कळतं, पण तुम्ही आज ठरवताना कायम होईल हे धरून जाऊ नका.

आता खरा फरक कामाचा. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. एक सर तालुक्याला मीटिंगला गेले की एकट्या मॅडमवर चार वर्ग, वर यू-डायसवर शाळेची ऑनलाइन माहिती, पोरांचे अपार ओळख क्रमांक, पोषण आहाराचा हिशोब. त्यामुळं दुसऱ्याच दिवशी पहिली-दुसरी माझ्याकडं आली. हंगामात ऊसतोड कामगारांची पोरं यायची, त्यातला एक दुसरीतला मुलगा १३ आणि ३१ एकच समजायचा. फळ्यावर कितीबी लिहिलं तरी तसंच. मग मॅडमनी मला झाडूच्या काड्या मोडून आणायला सांगितल्या, दहा-दहाला रबर लावून जुड्या केल्या. तो एक जुडी आणि तीन सुट्या काड्या मांडायचा, मग तीन जुड्या आणि एक सुटी, असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ह्यो थोरला हाय." फेब्रुवारीत टोळी गेली, तोही गेला. असं शिकवायला मिळणं मला खासगीत वर्षभरात एकदाही जमलं नाही.

खासगीत सिनियर केजीची ३८ पोरं, मेन टीचर शिकवणार आणि मी डायरी लिहिणार, डबे उघडून देणार, वॉशरूमला नेणार, गॅदरिंगचे ड्रेस मोजणार. हे काम हलकं अजिबात नाही, रडणारं पोर शांत कसं करायचं, पालकांशी कसं बोलायचं, इंग्लिशची भीती कशी घालवायची हे मी तिथंच शिकले. शाळा घरापासनं दहा मिनिटांवर, हेही मोठं.

पण ह्या दोन्हीतनं शिक्षक होता येत नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. पहिली ते पाचवीला डीएलएडच (प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा) लागतं, बीएड चालत नाही, ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १, १५० पैकी ओपनला ९० पाहिजेत, पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. मग २०० मार्कांची टेट (भरतीसाठीची वेगळी अभियोग्यता चाचणी), शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि लागलात तर आधी ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६,००० मानधन. टेटच्या मार्कांत आपल्या अनुभवाचा एक मार्कसुद्धा मिळत नाही.

म्हणून माझं मत असं. हे काम आपल्याला झेपतंय का, आवडतंय का हे बघायचं असेल आणि पैसे दोन-तीन महिने अडकले तरी घर चालत असेल, तर योजनेतनं झेडपीच्या शाळेत जा. घरात दर महिन्याला पैसे लागतातच किंवा लहान बाळ आहे, तर जवळची खासगी बरी. आणि शिक्षकच व्हायचं हे पक्कं ठरलं असेल तर दोन्हीत वर्ष घालवू नका, सरळ डीएलएडला ॲडमिशन घ्या.

योजनेत जाणार असाल तर हजर व्हायच्या आधी एकदा शाळा बघून या. मुख्याध्यापकांना विचारा की मला वर्ग देणार का नुसती ऑनलाइन माहिती भरायला बसवणार, आणि शाळा सुटल्यावर परतीची एसटी किती वाजता आहे ते गावातल्याच कुणाला तरी विचारा, आमच्याकडची पाचची चुकली की मग थेट साडेसातलाच होती.