किडनी वॉक: चालायला सोपा, देणगीला जरा किचकट

अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनचा 'किडनी वॉक' ही शर्यत नाही. नावनोंदणीला पैसे नाहीत, वेळ कोणी मोजत नाही, अंतर शहरागणिक वेगळं, बहुधा १ ते ३ मैल. टीम करायची, ऑनलाइन पान उघडायचं, ओळखीच्यांकडून देणगी जमवायची. आजी-आजोबा, बाबागाडी, वॉकर, सगळं चालतं. उपक्रम म्हणून याला आमच्याकडून चांगले गुण, पण पैशांबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा.

आपली देणगी गावातल्या एखाद्या रुग्णाच्या डायलिसिसच्या बिलात जाईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. १९५० मध्ये एडा डीबोल्ड यांनी, बाळाला नेफ्रोसिस हा मूत्रपिंडाचा आजार झाल्यावर, ही संस्था उभी केली ती संशोधनासाठी. आजही तिचा भर संशोधन, रुग्णशिक्षण, डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आणि धोरणांचा पाठपुरावा यांवर आहे. डायलिसिसचा मोठा खर्च १९७२ च्या कायद्यामुळे मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, उचलतो, पण सहसा २० टक्के वाटा रुग्णाकडे राहतो. शिवाय त्यासाठी स्वतःची किंवा जोडीदाराची, अवलंबून असलेल्या मुलांसाठी आईवडिलांची, पुरेशी नोकरी लागते. मुलाच्या नोकरीवर भारतातून आलेल्या आईवडिलांना हा लाभ मिळत नाही, आणि हे अनेक मराठी घरांना फार उशिरा कळतं. रुग्णाला विम्याच्या हप्त्यासारखी थेट मदत व्हावी असं वाटत असेल, तर अमेरिकन किडनी फंड ही वेगळी संस्था आहे. नावं इतकी सारखी, की चेक लिहिताना हमखास गल्लत होते.

देणगी टीमच्या पानावरूनच द्यायला सांगा. संस्थेच्या मुख्य पानावरून दिलेली रक्कम पोचते, पण टीमच्या खात्यात दिसत नाही आणि मग शोधाशोध. चेक संस्थेच्या नावे हवा, टीम कॅप्टनच्या नावे नको. कंपनी देणगीइतकीच भर घालत असेल, तर तो अर्ज आपण स्वतः पावतीसह भरायचा असतो. खरी गळती होते ती इथेच. एकाच वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील, तर करासाठी संस्थेची लेखी पोच जपून ठेवा.

डायलिसिसवरचा माणूस सोबत असेल, तर वार पाहून ठरवा. वॉक रविवारी असेल, तर मंगळ-गुरु-शनिवाल्यांचं आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं असतं, त्यामुळे ते बरे असतात. सोम-बुध-शुक्रवाल्यांसाठी तोच दिवस दोन डायलिसिसमधल्या सर्वांत लांब खंडाच्या शेवटाकडे येतो. अंगात पाणी साचलेलं, पोटॅशियम चढलेलं. त्यांनी अर्ध्यावरून परतावं, धाप लागली तर थांबावंच. शनिवारी वॉक असेल, तर सोम-बुध-शुक्रवाले बरे असतात आणि मंगळ-गुरु-शनिवाल्यांचा तो डायलिसिसचाच दिवस असतो.

खाण्याचं टेबल ही अशा कार्यक्रमांतली दुखरी बाजू. धावण्याच्या स्पर्धांची सवय म्हणून केळी, संत्री, नारळपाणी मांडलं जातं. मध्यम केळ्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे पथ्यावरच्या माणसासाठी दिवसाच्या वाट्याचा मोठा घास. सफरचंदात साधारण निम्मं. टीमने आपला डबा आणावा हे उत्तम. 'उन्हात भरपूर पाणी प्या' हा सल्लाही इथे सरसकट देऊ नका. अनेकांना दिवसाचं पाणी मोजून ठरवून दिलेलं असतं.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातात घट्ट पट्टी, घड्याळ नको, त्या हाताला जड पिशवीही अडकवायची नाही. रक्तदाब तपासणीचा स्टॉल असेल तर दुसरा हात पुढे करावा. प्रत्यारोपण झालेल्यांनी टोपी आणि सनस्क्रीन विसरू नये. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गर्दीत मास्कही बरा.

घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर परतल्यावर डॉक्टरांकडे दोन तपासण्या मागा: रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण. नुसतं क्रिएटिनिन 'नॉर्मल' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांमध्ये लघवीतून जाणारं अल्ब्युमिन सुटून जातं.