कॅलरी मोजायचं अ‍ॅप कुठलं घ्यायचं: हेल्थीफाय, मायफिटनेसपाल की क्रोनोमीटर?

वजन कमी करायचंय म्हणून अ‍ॅप शोधायला बसलं की प्ले स्टोअरवर ढिगाने सापडतात आणि सगळ्यांचं रेटिंग झकास असतं, त्यामुळे स्टार बघून काही ठरत नाही. माझ्या मते बघायचं एवढंच, की तुमच्या ताटात रोज जे पडतं ते त्या अ‍ॅपला ओळखू येतं का, आणि येत नसेल तर स्वतःची रेसिपी त्यात वजनावर भरता येते का. बाकी स्टेप्स, पाणी प्यायची आठवण, बॅज वगैरे गमतीजमती सगळीकडे सारख्याच.

हेल्थीफाय, म्हणजे आधीचं हेल्थीफायमी, बेंगळुरूचं आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं. आपल्याकडच्या माणसाला हे सगळ्यात सोपं जातं कारण यात वाटी, पोळी, प्लेट अशी मापं आहेत, पोहे, उपमा, डाळ पटकन सापडतं, ताटाचा फोटो काढूनही नोंद करता येते. फोटोवर मात्र फार विसंबू नका, फोटोत भाजी दिसते, फोडणीत किती तेल गेलं ते कसं दिसणार? आणि "१ वाटी डाळ" म्हटलं की वाटी त्यांची, डाळही त्यांची. तुमच्याकडचं घट्ट गोडं वरण आणि शेजारच्यांची पाणीदार आमटी दोन्ही तिथे एकच.

मायफिटनेसपाल अमेरिकन, २००५ पासूनचं जुनं नाव, डेटाबेस प्रचंड. पण त्यातलं बरंचसं वापरणाऱ्यांनीच भरलेलं आहे, त्यामुळे पोहे सर्च केलं की एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदींची रांग लागते आणि आपण नकळत सगळ्यात कमी कॅलरीवाली निवडतो (सगळेच निवडतात, लाजू नका). पूर्वी पाकिटाचा बारकोड फुकटात स्कॅन करता यायचा, तो ऑक्टोबर २०२२ पासून पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवला, आणि तिथेच त्याची निम्मी मजा गेली. २०१८ मध्ये त्यांच्याकडून सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती, तेव्हा बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका, कुठल्याच अ‍ॅपला वापरू नका म्हणा. तुम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असाल आणि अर्धं खाणं सुपरमार्केटच्या पाकिटातलं असेल तर हे चालेल, नाहीतर मला यात आता विशेष कारण दिसत नाही. निव्वळ फुकट आणि बारकोडसकट हवं असेल तर फॅटसीक्रेट बघा, दिसायला जुनाट आहे पण काम करतं.

आता क्रोनोमीटर. हे कॅनडाचं, आणि माझा कल इकडेच. यातले मूळ आकडे प्रयोगशाळेत तपासलेल्या डेटाबेसमधून येतात, प्रोटीन-कार्ब-फॅटच्या पलीकडे लोह, कॅल्शियम, बी१२ सगळं दिसतं, शाकाहारी माणसाने तर बी१२ ची पट्टी आठवडाभर बघावीच, दूध-दही-पनीर नीट खात नसाल तर ती जवळजवळ रिकामी राहते. बारकोड फ्री व्हर्जनमध्येही चालतो, जाहिराती सहन कराव्या लागतात. अडचण एकच, थालीपीठ, पिठलं, मटकीची उसळ असले पदार्थ शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. म्हणून रेसिपी स्वतः भरायची.

ते कसं ते सांगतो, वाटतं तेवढं किचकट नाही. घरात किचनचा डिजिटल वजनकाटा हवा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. आमटी करताना तूरडाळ १०० ग्रॅम, तेल मोठे दोन चमचे म्हणजे साधारण २७ ग्रॅम, गूळ १० ग्रॅम असं कच्चं मोजून अ‍ॅपमध्ये टाका. सगळं मिळून साधारण ६२० कॅलरी. आमटी झाली की पातेल्यासकट वजन करा, पातेलं वजा करा, समजा ८०० ग्रॅम उरली. तुमच्या वाटीत १५० ग्रॅम बसते, म्हणजे वाटीला ११५ च्या आसपास. तेल एकच चमचा घातलं तर तीच वाटी ९५ ला येते. आणि प्रोटीन? वाटीत जेमतेम ४ ग्रॅम! डाळ खातो म्हणजे प्रोटीन भरपूर होतं असं समजणाऱ्यांनी हे एकदा स्वतः भरून बघाच. रेसिपी एकदा सेव्ह झाली की पुढच्या वेळी फक्त ग्रॅम टाकायचे.

भाकरीचंही तसंच. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी १७० च्या आसपास जाते आणि गावाकडची ९० ग्रॅमची ३०० च्या पुढे, अ‍ॅपमध्ये दोन्ही "१ भाकरी". भात शिजलेला मोजलात तर नोंदही शिजलेल्याचीच निवडा, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी आणि शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३०, इथे गडबड झाली की दिवसाचा सगळा हिशोब कोलमडतो. आणि उपासाचा दिवस सोडू नका हां, साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट आणि तुपासकट एका प्लेटला सहज ५०० च्या घरात जाते.

मग कुणी काय घ्यावं? ज्याला मोजायचा कंटाळा आहे, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवतो, किंवा आई-सासूबाई स्वयंपाक करतात आणि प्रत्येक फोडणीला काटा घेऊन उभं राहणं शक्य नाही, त्याने हेल्थीफायचं फुकट व्हर्जन घ्यावं आणि तेलासाठी दर जेवणाला एक चमचा वरून धरावा. जो स्वतः रांधतो त्याने क्रोनोमीटर. कोचचा, म्हणजे पैसे भरून सल्लागार मिळतो तो, प्लॅन पहिल्याच दिवशी घेऊ नका, महिनाभर रोज नोंद होतेय का ते बघा, होत नसेल तर कोच काय करणार? डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, प्रेग्नन्सी असेल, तर अ‍ॅपने दिलेलं टार्गेट आधी डॉक्टरांना दाखवा.

एक अजून, यातल्या कुठल्याही अ‍ॅपने चालल्यावर "अजून ३०० कॅलरी खाऊ शकता" म्हटलं तर खाऊ नका, तो अंदाज बऱ्याचदा सढळ असतो. वजनासाठी मी वेगळं छोटं अ‍ॅप सुचवेन, अँड्रॉइडवर लिब्रा, आयफोनवर हॅपी स्केल. ही रोजच्या वजनाची सरासरी रेघ काढतात. लग्नात पापड-लोणच्यासकट जेवून आलात की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो, ते पाणी असतं, चरबी नाही, आणि लोक नेमके त्याच दिवशी वैतागून अ‍ॅप डिलीट करतात.