बेळगावच्या शहापूर भागातली एक खासगी शाळा: फाईल चोख, वरचे मजले कच्चे

विनाअनुदानित, इंग्रजी माध्यम, पहिली ते सातवी, तीन मजले. वर्ग ऐसपैस आहेत, दोन्ही बाजूंनी उजेड येतो. मान्यता नूतनीकरणाची फाईलही चोख: इमारतीचा दाखला, अग्निशमनचा दाखला, यूडायसचा (शाळांच्या सरकारी नोंदणीचा) ११ अंकी कोड, सगळं जागेवर. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या तपासणीत इथे काही निघणार नाही. निघतं ते जिने चढल्यावर.

आधी पाणी. बेळगावात नळाला चोवीस तास पाणी नसलं की सगळी मदार गच्चीवरच्या टाकीवर. इथल्या टाकीचं झाकण तडकलेलं आहे आणि ती कधी धुतली याची तारीख कुठेही लिहिलेली नाही. उन्हात तापलेल्या, साठून राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. म्हणून चाचणी टाकीजवळ नव्हे, सर्वांत लांबच्या नळावर करावी. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तळमजल्यावर चाचणी किटचे थेंब टाकताच पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे; तिसऱ्या मजल्यावर रंगच आला नाही. फिल्टर तळमजल्यावर एकच, त्यामुळे वरची मुलं थेट नळाचं पाणी पितात.

मुलींची स्वच्छतागृहं पाच, पण चालू तीनच. एकाची कडी तुटलेली, दुसऱ्याचा फ्लश बंद. ४० मुलींमागे एक हा साधारण हिशेब धरला तर इथल्या १८० मुलींना पाचही लागतात. कडी बसवायला तासभर लागत नाही, तरी ते दार तसंच आहे. कडी नसलेल्या दारामागे मुलगी जात नाही. ती दिवसभर पाणी प्यायचं टाळते आणि मग लघवीचा संसर्ग होऊ शकतो.

आगीचा बंदोबस्त सर्वांत चिंतेचा. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात, रिफिलची तारीखही चालू आहे. पण दोन सिलिंडर ऑफिसच्या कपाटाआड, आणि मागच्या जिन्याच्या सरकत्या जाळीच्या दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे. २००४ साली तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं होरपळून गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना आगीपासून सुरक्षेचे नियम बंधनकारक केले. शाळा सुरू असताना ते कुलूप असताच कामा नये. बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा फक्त इंग्रजीत आहे. मुलांना सांभाळणाऱ्या शाळेतल्या आयांना मराठी आणि कन्नड वाचता येतं, आणि लहानग्यांना हाताला धरून खाली आणणार त्याच.

बस ठीक आहेत: आडव्या जाळ्या, आत सिलिंडर, एफसी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) चालू. फक्त एका बसमध्ये संकटकालीन दारासमोरच जादा बाक ठोकलाय, तो आजच काढावा.

पाचपैकी अडीच. प्रवेशाआधी पालकांनी ऑफिसात न बसता मधल्या सुट्टीत तिसरा मजला बघावा, मागच्या जिन्याने खाली उतरता येतं का ते करून पाहावं आणि टाकी धुतल्याची नोंद मागावी. कुलूप निघालं, कड्या बसल्या, तर एक गुण वाढवू.