छंदाला सहा महिने सुट्टी द्यायची असेल तर: हवाबंद डबा, सिलिका जेल आणि हायग्रोमीटरचं परीक्षण

परीक्षा, आजारपण, तान्हं बाळ, नवी नोकरी किंवा नुसतीच तुंबलेली कामं. कारण काहीही असो, छंद काही महिने बाजूला ठेवावा लागतो आणि त्यात वावगं काहीच नाही. पण आपण आपल्या कामाला लागलो तरी हवेतला ओलावा थांबत नाही. लेन्सला बुरशी लागते, पेनच्या फीडमध्ये (निबला शाई पोचवणाऱ्या भागात) शाई वाळून बसते, फ्लॅशमधला सेल फुटून स्प्रिंग हिरवी पडते. मग परत यायचं म्हटलं की पहिले काही आठवडे दुरुस्तीतच जातात आणि पुष्कळांचा छंद कायमचा सुटतो तो या टप्प्यावर.

त्यामुळे इथे कसोटी एकच लावली आहे: सामान एकदा बंद केल्यावर ते आपल्याकडे किती कमी लक्ष मागतं? या कसोटीवर झाकणाला रबरी पट्टी असलेला प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र), एवढा संच बहुतेक छंदांना पुरतो. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, रोज वापरातल्या कॅमेऱ्यांसाठी उत्तम आहे. पण ठरावीक काळाच्या सुट्टीसाठी ते घेण्याची गरज नाही. त्याला वर्षभर वीज लागते, जागा लागते आणि ते नीट चाललंय ना हे अधूनमधून बघावंही लागतं. सुट्टीत नेमकं तेच नको असतं.

आधी डबा. दुकानात ‘एअरटाइट’ म्हणून मिळणारे बरेच मोठे डबे हवाबंद नसतात. दोन बाजूंना क्लिप असल्या म्हणून हवा अडत नाही, ती अडते झाकणाच्या आतल्या खाचेतल्या पट्टीने. पट्टी सिलिकॉनची किंवा मऊ फोमची हवी, चारही कोपऱ्यांत अखंड हवी आणि क्लिप लावल्यावर ती सगळीकडे सारखी दबायला हवी. तपासायला कागदाची एक पट्टी पुरे. ती काठावर ठेवून झाकण लावा, क्लिप बसवा आणि कागद ओढा. सहज निसटला तर तिथून हवा जाते. चारही बाजूंच्या मधोमध ही चाचणी करा, कारण लांबट डब्यांचं झाकण क्लिपपासून दूर, मध्यावरच उचललं जातं. चार क्लिपांपेक्षा सहा क्लिपांचा डबा बरा, आणि ४० लिटरच्या एका डब्यापेक्षा २० लिटरचे दोन बरे. एक उघडावा लागला तरी दुसरा बंदच राहतो.

प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. त्रिकोणात ३ असलेलं, म्हणजे पीव्हीसीचं काहीही, मऊ पारदर्शक पाउचसुद्धा, आत नको. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि छायाचित्रं, रबर, रंगवलेली मॉडेल्स यांना चिकटतो.

आता जेल. किती घालावं याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो, म्हणून हिशेब नीट मांडू. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. आर्द्रता ८० टक्के धरली तर २० लिटरच्या डब्यातल्या हवेत पाणी किती? जेमतेम अर्धा ग्रॅम. एवढं पाणी चहाच्या चमचाभर जेलसुद्धा ओढून घेईल. मग २०० ग्रॅमच्या पुड्या कशाला लागतात? कारण खरं पाणी हवेत नसतं, ते आपण आत घातलेल्या वस्तूंत असतं. दमट हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं. लेन्स गुंडाळायला म्हणून २०० ग्रॅमचा टॉवेल आत घातला, तर डबा कोरडा होताना तो टॉवेल आठ-दहा ग्रॅम पाणी सोडतो. आतल्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त. १०० ग्रॅम सुकं जेल आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवत साधारण २० ग्रॅम पाणी घेतं, म्हणजे त्याची निम्मी ताकद एका टॉवेलवरच संपली. पुठ्ठ्याची खोकी, चामड्याची केस, जुनी माहितीपत्रकं, लाकडी स्टँड यांचंही तसंच. हे सगळं बाहेर ठेवा. गुंडाळायचंच असेल तर पॉलिएस्टरचं मायक्रोफायबर वापरा, ते जवळपास पाणी धरत नाही.

एवढी काळजी घेतली तर चांगल्या पट्टीच्या २० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम जेल पुरतं. ते ५०-५० ग्रॅमच्या चार पुड्यांत घ्या. एकच मोठी थैली घेतली तर जेल कमी-जास्त करता येत नाही. आणि कमी करायची वेळ येते. घट्ट डब्यात ताजं, सुकं जेल भरपूर घातलं की आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. सुटे धातूचे भाग त्याने खूश होतात, पण चामडं आणि लाकूड तडकतं. कॅमेरा आणि लेन्सना ४० ते ५० टक्के योग्य. बुरशीला ६५-७० टक्क्यांच्या वर पाय रोवायला मिळतात, त्यामुळे त्याच्या बरंच खाली आणि फार कोरडंही नाही, असा हा पट्टा आहे. आकडा ३५ च्या खाली गेला तर एक पुडी काढून घ्या, इतकं सोपं आहे.

रंग बदलणारं जेल घ्यावं, पण निळं नको. निळ्याचं गुलाबी होतं ते कोबाल्ट क्लोराइडमुळे आणि तो पदार्थ आरोग्याला घातक मानला जातो. केशरी जेल घ्या. मात्र रंगावर फार विसंबू नका. तो बऱ्याचदा आर्द्रता चाळीसच्या आसपास असतानाच पालटायला लागतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या डब्यात सगळं ठीक चाललेलं असतानाही जेल ‘संपलेलं’ दिसू शकतं. खात्रीचा उपाय वजनकाट्याचा. पुडी पूर्ण सुकी असताना तिचं वजन करा आणि कायमस्वरूपी मार्करने पुडीवरच लिहून ठेवा. ५० ग्रॅमची पुडी ६० ग्रॅमला पोचली की ती सुकवायला काढा.

सुकवताना दाणे पुडीतून काढून धातूच्या पसरट ताटात एका थरात पसरा आणि ११० ते १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवा. त्यापेक्षा जास्त तापमान नको, रंगद्रव्य जळतं आणि केशरी दाणे तपकिरी होतात. तसे दाणे ओलावा घेतात, पण रंग दाखवत नाहीत. मायक्रोवेव्हचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे: उष्णता सारखी लागत नाही, दाणे ताडताड फुटतात आणि त्यांची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. ओव्हनमधून काढल्यावर दाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत थंड होऊ द्या. उघड्यावर ठेवले तर थंड होता होताच ते खोलीतला ओलावा प्यायला लागतात.

दोन पर्याय टाळाच. पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओलावा जोरात ओढतात, पण खाली खारं पाणी जमतं. ते सांडलं तर आतल्या प्रत्येक स्क्रूला गंज चढतो. दुसरं, डांबरगोळ्या. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. मॉडेल किटमधले बहुतेक भाग याच प्लास्टिकचे असतात.

हायग्रोमीटर या संचातला सगळ्यात कच्चा घटक. स्वस्त डिजिटल यंत्र पाच टक्के इकडे-तिकडे दाखवणार हे गृहीत धरा, काही याहूनही चुकतात. पण चूक किती आहे हे कळलं की काम भागतं, आणि ते कळायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर छोट्या हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. खोलीच्या तापमानाला ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. १२ तासांनी यंत्रावर ८१ दिसलं तर यंत्र सहा जास्त दाखवतं. ‘-६’ असं चिकटपट्टीवर लिहून मागे चिकटवा. या यंत्रातला बटण सेल अल्कलाइन असेल (नाव ‘एलआर’ने सुरू होतं) तर वर्षभराच्या सुट्टीत तोही गळू शकतो. शक्यतो लिथियमचा, ‘सीआर’ने सुरू होणारा सेल लागणारं यंत्र निवडा.

हा डबा काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. आत घालण्यापूर्वीची चूक तो सुधारत नाही. फाउंटन पेन शाईसकट आत ठेवलं तर कोरडी हवा उलट शाई लवकर सुकवेल. कन्व्हर्टरने (पेनमधल्या शाई ओढणाऱ्या नळीने) साधं, कोमट नव्हे तर गार पाणी ओढत-सोडत राहा. पाणी स्वच्छ दिसलं तरी थांबू नका. निब टिश्यूवर खाली करून रात्रभर उभी ठेवा. सकाळी टिश्यूवर रंगाचा डाग असेल तर फीडमध्ये शाई अजून आहे, पुन्हा धुवा. लेन्सवर बोटाचे ठसे ठेवून आत घालू नका, बुरशीला तेच अन्न. शिलाई मशीन डब्यात मावत नाही, पण सुई काढून, बॉबिन केसमधला कापूस ब्रशने झाडून, दिलेल्या जागी एकेक थेंब तेल टाकून आणि कापड दाबणाऱ्या फुटाखाली कापडाचा तुकडा ठेवून ती झाकून ठेवली तर भागतं.

अल्कलाइन सेल प्रत्येक उपकरणातून काढा, ‘हे तर नवेच आहेत’ म्हणून सोडू नका. लिथियम-आयन बॅटऱ्या ४० ते ६० टक्के चार्ज ठेवून काढा. पूर्ण भरलेली बॅटरी पडून पडून क्षमता घालवते आणि पूर्ण रिकामी ठेवलेली पुन्हा चार्जच न होण्याचा धोका असतो.

ॲक्रिलिक रंग, गोंद, पुट्टी यांना या डब्यात जागा नाही. यांतले बरेच पाण्यावरचे असतात आणि जेल झाकणाच्या फटीतूनही त्यांचं पाणी ओढतं. बाटलीच्या तोंडावरचा सुकलेला रंग पुसा, झाकण घट्ट लावा आणि वेगळ्या खोक्यात ठेवा. गिटार, व्हायोलिन यांनाही हा डबा नको. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते आणि मुख्य म्हणजे ती स्थिर असावी लागते. त्यासाठी केसमध्ये ठेवायच्या, ओलावा घेणाऱ्या आणि परत देणाऱ्याही पुड्या मिळतात, त्या घ्या.

डबा भरल्यावर पहिले सात दिवस रोज आकडा बघा. डबा पारदर्शक असेल तर झाकण न उघडताच तो दिसेल असा हायग्रोमीटर लावा. पहिल्या दिवशी आकडा झपाट्याने उतरतो, नंतर किंचित चढून स्थिरावतो. ते चढणं आतल्या वस्तूंनी सोडलेल्या पाण्याचं असतं, घाबरू नका. आठवड्यानंतरही आकडा रोज एक-दोन टक्के चढत असेल तर पट्टी गळते आहे, डबा बदला. स्थिर राहिला तर दोन महिन्यांनी एकदा नजर टाकली की झालं. कॅलेंडरमध्ये तेवढी नोंद करा आणि डबा डोक्यातून काढून टाका.

बंद करण्यापूर्वी आत एक कागद मात्र जरूर ठेवा. अर्धवट राहिलेलं काम कुठे थांबलं, पुढचा स्क्रू किंवा पुढचा टाका कोणता, कोणते भाग कोणत्या पाउचमध्ये आहेत, काय संपलंय. सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही. कागद प्लास्टिकच्या पाउचमध्ये, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे उघडल्या उघडल्या तोच दिसेल. आणि थंड खोलीतला डबा उबदार जागी आणला असेल तर लगेच उघडू नका. दोन-तीन तास तसाच बंद राहू द्या, नाहीतर सहा महिने कोरड्या राहिलेल्या लेन्सवर पहिल्याच मिनिटाला दव धरेल.