मॉनिटरवर ५७ टक्के, बॅटरी मात्र रिकामी: लिथियम बॅटरी घेताना आमची झालेली फसवणूक

पुण्यात लिथियम बॅटरी जोडून देणारे आता पुष्कळ झालेत. घरच्या इन्व्हर्टरला, गच्चीवरच्या सोलरला, मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसला, कॅम्पर गाडीला आणि आमच्यासारख्या मोजक्या लोकांच्या शिडाच्या बोटीला. त्यातले बरेच जण चोख काम करतात. आम्हाला भेटलेल्या माणसाने मात्र निम्मी ताकद उरलेले जुने सेल ‘नवीन, ए ग्रेड, २०० एएच’ म्हणून विकले. (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरी किती अँपिअर किती तास देऊ शकते याचं माप.) ते आमच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने बॅटरी मॉनिटरही, म्हणजे बॅटरीत किती टक्के चार्ज उरलाय ते दाखवणारं यंत्र, खोटा आकडा दाखवेल असाच बसवून दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याने हे कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण बोट नसलेल्यांनाही याच पद्धतीने गंडवता येतं.

बोट माझी आणि माझ्या धाकट्या भावाची. तीस फुटी, जुनी, पण अंगाने मजबूत. ती मांडव्याला असते, आम्ही पुण्यात. दिवाळीनंतर समुद्र निवळला की कोकण किनाऱ्याने दक्षिणेला जायचं, दुपारी खारे वारे घ्यायचे, रात्री मतलई वाऱ्यावर शीड भरायचं, हा आमचा शिरस्ता. बोटीवरची विजेची बाजू मी सांभाळते.

आधी आमच्याकडे लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. त्यांचं एक बरं असतं. काही तास लोड न लावता ठेवल्या की व्होल्टेजवरून चार्जचा अंदाज येतो. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली गेली की निम्मी संपली. आता घेतलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीचं तसं नाही. चार सेलची बॅटरी ९० टक्के भरलेली असो की ३० टक्के, व्होल्टेज १३ ते १३.३ च्या दरम्यानच घुटमळतं. मीटर लावून काही कळत नाही. म्हणून मॉनिटर लागतो, आणि लबाडीला वाव मिळतो तो याच ठिकाणी.

मॉनिटरचं काम समजून घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये शंट बसवतात. शंट म्हणजे ठरावीक रोध असलेली धातूची जाड पट्टी. ५०० अँपिअरच्या नेहमीच्या शंटवर पूर्ण करंटला फक्त ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो मोजून मॉनिटर किती करंट आत आला आणि किती बाहेर गेला याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. बॅटरीच्या आत तो डोकावत नाही. ही नुसती जमाखर्चाची वही आहे. सुरुवातीची शिल्लक कुणी खोटी लिहिली, तर पुढचा सगळा हिशेब बरोबर असूनही खोटाच येणार.

आमच्याकडे दोन आकडे खोटे भरलेले होते. एक, बॅटरीची क्षमता २०० एएच. दुसरा आकडा जास्त चलाखीचा. बॅटरी ‘पूर्ण भरली’ असं मॉनिटरने कधी मानायचं, तर व्होल्टेज ठरवलेल्या पातळीच्या वर गेलं आणि करंट ठरावीक टक्क्यांच्या खाली आला की. आमच्या प्रकारच्या बॅटरीला ही पातळी साधारण १४ व्होल्टच्या पुढे ठेवतात. त्याने ती १३.२ ठेवली होती आणि करंटची मर्यादाही भरपूर वाढवली होती. त्यामुळे सोलर पॅनेलवर जरा ऊन पडलं की मॉनिटर थेट १०० वर उडी मारायचा, बॅटरी भरलेली असो वा नसो. शिवाय सेटिंगला पिन टाकलेला. पिन मागितला तर म्हणाला, “मॅडम, सेटिंगला हात लावलात तर वॉरंटी जाईल. डिस्प्ले बघा ना, शंभर दाखवतोय.”

हे सगळं उघडकीला आलं ते समुद्रात. मांडव्याहून दुपारी निघून जयगडला चाललो होतो. अंधार पडल्यापासून ऑटोपायलट, फ्रीज, चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा स्क्रीन), व्हीएचएफ रेडिओ आणि दिवे मिळून आठ-नऊ अँपिअर जात होते. पहाटे चारच्या सुमारास हर्णै मागे पडलं होतं, दाभोळ अजून पुढे होतं. मॉनिटर ५७ टक्के दाखवत होता. त्याच क्षणी सगळं बंद झालं. सेलचं व्होल्टेज तळाला गेल्यामुळे आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटने, बॅटरी तोडली होती. लेड-ॲसिड आधी दिवे मंद करून इशारा देते, लिथियम एका फटक्यात जाते.

हर्णैच्या बाहेर रात्री मासेमारीच्या बोटी किती असतात, हे त्या बाजूला गेलेल्यांना ठाऊक आहे. आमची बोट बिनदिव्याची, आणि आजूबाजूला जाळी टाकून बसलेले लोक. भावाने सुकाणू हातात घेतलं, मी शिडावर टॉर्चचा झोत धरला, म्हणजे निदान पांढरं शीड तरी दिसावं. इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवलेली होती, म्हणून इंजिन सुरू झालं आणि दिवे तिच्यावर वळवता आले. एखाद्याने ती वेगळी ठेवली नसती तर? हा माणूस आपला नफा काढताना कुणाच्या तरी जिवाशी खेळत होता, याचा मला आजही राग येतो.

परत आल्यावर बॅटरी पुण्याला आणून कसोटी घेतली. ही कसोटी कुणालाही जमते. आधी बॅटरी १४.४ व्होल्टला करंट अगदी कमी होईपर्यंत भरायची. मग गाडीचे ५५ वॅटचे चार हॅलोजन बल्ब लावायचे, मिळून वीसेक अँपिअर होतात. बल्ब फार तापतात, त्यामुळे फरशीवर, पडद्यांपासून लांब ठेवा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, ते इथे निरुपयोगी. दर अर्ध्या तासाला करंट लिहून ठेवा. २०० एएचची बॅटरी दहा तासांच्या आसपास चालायला हवी. आमची पाच तासांच्या थोडी पुढे जाऊन बंद पडली. म्हणजे शंभरेक एएच.

भावाने साक्षीदारांसमोर आणि व्हिडिओ चालू ठेवून खोकं उघडलं. आत सेल आकाराने २०० एएचचेच होते, पण वापरून झालेले. क्यूआर कोड खरवडलेले, वर नवी निळी फिल्म चढवलेली, एक सेल फुगलेला. वजन बरोबर भरायचं ते यामुळेच. वजन बघणं फुकट जात नाही, दहा-बारा किलोचं खोकं २०० एएच असूच शकत नाही. पण थकलेला सेलही नव्याइतकाच जड असतो, त्यामुळे वजन जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

पानशेतकडच्या एका ओळखीच्यांकडे वेगळाच प्रकार सापडला. तिथे फ्रीजची निगेटिव्ह वायर शंट टाळून थेट बॅटरीला जोडली होती, म्हणजे तो करंट मोजलाच जात नव्हता. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरून फक्त एकच वायर निघाली पाहिजे, ती शंटला. बाकी सगळ्या वायरी शंटच्या पलीकडे. हे दोन मिनिटांत डोळ्यांनी तपासता येतं.

विक्रेत्याने आधी “लोड जास्त असेल” म्हटलं, मग खारी हवा पुढे केली, मग मॉनिटर बदलून देतो म्हणाला. बॅटरीचं नाव काढायला तयार नाही. बिलावर ‘बॅटरी सेट १’ एवढंच, एएच नाही, सिरियल नंबर नाही. सुदैवाने कोटेशन व्हॉट्सॲपवर आलेलं होतं आणि त्यात ‘न्यू, ए ग्रेड, २०० एएच’ स्पष्ट लिहिलेलं आहे. तेच आता आमचा मुख्य पुरावा आहे. अशा वेळी फोनवर बोलत बसू नका, सगळं लेखी मागा. बिलावर क्षमता आणि सिरियल नंबर लिहून घ्या, पिन ताब्यात घ्या, आणि कसोटी होईपर्यंत काही रक्कम हातात ठेवा. दुकानात दहा तास कसोटी घ्यायला विक्रेता नाही म्हणाला, तर तिथून बॅटरी घेऊ नका.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील न लावताही तक्रार करता येते. सेल, खरवडलेल्या कोडचे फोटो आणि मॉनिटर आम्ही जसेच्या तसे जपून ठेवलेत. तुमच्याकडेही असं काही निघालं, तर सेटिंग दुरुस्त करण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा, कारण एकदा आकडे बदलले की ते आधी कुणी आणि काय भरले होते हे सिद्ध करणं फार अवघड होतं.