सहा दिवस जिम की तीन दिवस? लोकलने ऑफिस गाठणाऱ्यांसाठी

डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन ज्यांना जिमही सांभाळायची आहे, त्यांच्यापुढे साधारण दोन वेळापत्रकं येतात. एक, ट्रेनर हमखास लिहून देतात ते सहा दिवसांचं पुश-पुल-लेग्ज, म्हणजे एक दिवस ढकलण्याचे व्यायाम, दुसऱ्या दिवशी ओढण्याचे, तिसऱ्या दिवशी पायांचे आणि मग पुन्हा तेच चक्र. दुसरं, एक दिवसाआड फुल बॉडी, म्हणजे एकाच दिवशी सगळ्या शरीराचा व्यायाम. मी दोन्ही मनापासून केली आहेत आणि ताकद दोन्हींनी वाढली. आठवड्याचे एकूण सेट (एका दमात केलेल्या आवर्तनांचे संच) सारखे असतील तर ते तीन दिवसांत केले काय नि सहा दिवसांत, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. त्यामुळे निवड करायची ती वेळ आणि झोप बघूनच.

सहा दिवसांचं वेळापत्रक सुटसुटीत आहे. पाऊण तासात बाहेर. रोज जायचंच असल्यामुळे ‘आज जाऊ की नको’ ही घासाघीस मनात होत नाही. फुल बॉडीचा दिवस त्या मानाने जड जातो. स्क्वॉट, बेंच, रोइंग, मग खांदे, म्हणजे सव्वा तास सहज जातो आणि शेवटच्या सेटपर्यंत हात भरून आलेले असतात. गर्दीच्या वेळी बेंच मिळेपर्यंत स्क्वॉटचा रॅक हातचा जातो, तो त्रास वेगळाच. इथे सहा दिवसांचं वेळापत्रक उजवं आहे.

माझा निर्णय झाला तो बुडालेल्या दिवसामुळे. नोकरी करणाऱ्याचा आठवड्यातला एखादा दिवस बुडणारच. महिनाअखेर असते, गाड्या रखडतात, घरी कुणाला ताप येतो. समजा बुधवारचा लेग डे हुकला. तो गुरुवारी करायचा तर पुश शुक्रवारी, पुल शनिवारी, आणि आठवड्यातला दुसरा लेग डे थेट रविवारी. म्हणजे आठवड्यातली एकुलती सुट्टी थकबाकी भरण्यात गेली. त्यात पायांचं दुखणं जास्त जाणवतं ते एक-दोन दिवसांनी. सोमवारी सकाळी स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मांड्या थरथरायच्या आणि पुढे सीट मिळेपर्यंत उभं राहायचं ते कधी या पायावर, कधी त्या. महिन्यातून एकदा झालं असतं तर सोसलं असतं. माझ्याकडे ते जवळजवळ नेहमीचं झालं होतं.

फुल बॉडीत सोम-बुध-शुक्र धरलं आणि बुधवार हुकला, तर गुरुवारी जायचं आणि शुक्रवारचं शनिवारी ढकलायचं. मधला एक दिवस मोकळा राहतोच, रविवारही शाबूत. व्यायामानंतर त्या स्नायूला साधारण 48 तास द्यावेत म्हणतात, ते इथे वेगळं मोजावं लागत नाही.

झोपेचंही तसंच. सकाळी जिम करून 7 नंतरची फास्ट पकडायची म्हणजे पाचला उठणं आलं. रात्री नऊला घरी, जेवण, मुलांचा अभ्यास, पाठ टेकेपर्यंत अकरा. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. आठवड्यातून तीनदा ती कमी पडली तर निभावतं. सहाही दिवस सहाच तासांवर काढले की वजन उचलताना ते कळतं. मला तर कळायचंच. शिवाय मोकळ्या सकाळी मी दहा मिनिटं सूर्यनमस्कार घालतो, त्यासाठी ना बॅग भरावी लागते ना गाडीचं गणित.

अर्थात ज्यांची जिम सोसायटीच्या खालीच आहे, जे घरून काम करतात किंवा ज्यांना स्पर्धेत उतरायचं आहे, त्यांना सहा दिवस कदाचित मानवतीलही. बाकीच्यांनी निवडण्याआधी गेल्या महिन्याचं कॅलेंडर काढावं आणि नऊनंतर घरी पोहोचलेले दिवस मोजावेत. आठवड्याला एखादा जरी निघाला, तरी मी तीन दिवसच सुचवेन. आणि तीनही जमत नसतील तर दोन दिवस धरावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात स्नायूंच्या व्यायामासाठी किमान दोनच दिवस सांगितले आहेत. आठवड्याला 150 मिनिटांची जी हालचाल त्यात वेगळी सांगितली आहे, तिची निदान थोडी बेगमी घर ते स्टेशन झपाझप चालण्यात होते.