‘हात बसेल’ म्हणत खपवलेली सोल्डर वायर

सोल्डरिंग, म्हणजे धातूची वायर वितळवून इलेक्ट्रॉनिक भाग बोर्डावर जोडणं, शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांनी ऑनलाइन ‘बिगिनर कॉम्बो’ मागवलाय आणि सोल्डर काही केल्या धरत नाहीये, त्यांनी हे जरूर वाचा. दोष तुमच्या हाताचा नसेलही. आमच्या घरी तो नव्हता.

पुतणी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला ५५५ टायमरवर (ठरावीक वेळानं चालू-बंद करणारी चिप) लुकलुकणारे एलईडी करायचे होते आणि मलाही हे काम शिकायची इच्छा होती. म्हणून कॉम्बो मागवला: २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, स्टँड, डिसोल्डर पंप (चुकलेलं सोल्डर ओढून काढणारा), पेस्टची डबी आणि ५० ग्रॅमचं ‘६०/४०’ सोल्डर वायरचं रीळ. किंमत ८९९ रुपये, खाली चार-साडेचार तारे.

पहिल्या दिवसापासून त्रास. वायर बिटला, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या टोकाला, लावली की वितळायची, पण पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, पसरायची नाही. लापशीसारखी घट्ट राहायची, बिट उचलली की टोक वर ओढलं जायचं आणि थंड झाल्यावर करडा, खडबडीत गोळा उरायचा. कॉम्पोनंटचा पाय हलवला की तो गोळ्यातून सुटून यायचा. मग जास्त वेळ बिट धरायची, आणखी वायर घालायची, तोवर वायरच्या आतला फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ) जळून जायचा आणि पॅडच बोर्डावरून उचकटायचा. व्हिडिओ बघून, पुन्हा पुन्हा करून, शेवटी पुतणी म्हणाली, “काका, मला नाही जमणार हे. माझा हातच थरथरतो.” तिचा हात थरथरत नव्हता. हे वाक्य मला आजही डाचतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: “सर, नवीन आहात, प्रॅक्टिस करा. हात बसेल. बाकी कोणाची तक्रार नाही.” फसवणुकीचा सगळा पाया याच उत्तरात आहे. नवशिक्यानं चांगली वायर कधी हाताळलेलीच नसते, त्यामुळे ती कशी वितळते हे त्याला ठाऊक नसतं. माल खोटा असला तरी तो आपल्यालाच बोल लावतो आणि तक्रार करायची मुदत निघून जाते. खाली तारे देणारेही बहुतेक पार्सल उघडलं त्याच दिवशी देऊन मोकळे झालेले असतात.

उलगडा झाला तो पुण्यात तपकीर गल्लीत. बोर्ड आणि रीळ घेऊन एका रिपेअरवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी बोर्ड तिरका धरून पाहिला आणि म्हणाले, “सगळं ड्राय सोल्डर आहे, नुसतं वरवर टेकलंय, धरलेलं नाही. वायर कुठली?” मग त्यांनी माझंच आयर्न तापवलं, बिट ओल्या स्पंजवर पुसली आणि एका पॅडवर त्यांच्या रिळातली वायर लावली, शेजारच्याच पॅडवर माझ्या रिळातली. त्यांची वायर टेकताक्षणी पाणी झाली, पॅडभर पसरली, पायाला चढली आणि चकचकीत उतार धरून थिजली. माझी तशीच, करडा गोळा. आयर्न तेच, बोर्ड तोच, आणि सराईत माणसाच्या हातूनही तसंच घडलं.

कारण साधं आहे. सोल्डर वायर म्हणजे कथील आणि शिशाचा मिश्रधातू. ६०/४० म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ही वायर १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. ६३/३७ तर थेट १८३ लाच वितळते, मधली अवस्था जवळजवळ नाहीच. पण कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग. म्हणून कथील कमी करून शिसं वाढवतात. ३० टक्के कथील असलेली वायर मऊ व्हायला लागते १८३ लाच, पण पूर्ण पातळ व्हायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या सत्तर-एक अंशांत ती ना घट्ट ना पातळ. तेवढ्या वेळात हात जरासा हलला तरी सांधा आतून तडकतो. नवशिक्याचा हात थोडा हलणारच, त्यात त्याचा काय दोष?

दादांचा अंदाज मला पडताळून पाहायचा होता. घरी दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा होता. वायरचे तुकडे वितळवून, वरचा जळका फ्लक्स खरवडून २० ग्रॅमचा गोळा केला. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि गोळा दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत सोडला, तळाला टेकू न देता. तेव्हा काटा जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढे गोळ्याचे घनसेंटिमीटर. खऱ्या ६०/४० ची घनता साडेआठच्या आसपास असते, म्हणजे काट्यानं २.३५ दाखवायला हवं होतं. त्यानं दोनच्या किंचित वर दाखवलं. घनता साडेनऊच्या पुढे गेली, म्हणजे कथील तीसेक टक्केच. गोळा फ्लक्स काढूनच करा, नाहीतर आकडा चुकतो. आणि खिडकी उघडी ठेवा, नंतर साबणानं हात धुवा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. डोळ्यांना झोंबणारा धूर फ्लक्सचा असतो. शिसं बोटांवरून तोंडात जातं, आणि या वायरमध्ये ते जवळजवळ दुप्पट आहे. ती मी एका मुलीच्या हातात दिली होती, लेबलवर विश्वास ठेवून.

त्या लेबलवरच ‘६०/४०’ आणि त्याच्या खाली ‘लेड-फ्री’, म्हणजे शिसं नसलेली, असं छापलेलं होतं. दोन्ही एकत्र खरं असूच शकत नाही. नवं रीळ तोललं होतं तेव्हा पन्नास ग्रॅम भरलं, पण ते मधल्या जाड प्लास्टिकसकट. वेष्टनावरचं निव्वळ वजन रीळ वगळून असायला हवं, शिवाय उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपीही हवी. यावर पत्त्याच्या जागी नुसतं चकाकणारं स्टिकर.

आयर्नचा प्रकार त्याहून गंभीर. तीन पिनांचा प्लग होता, म्हणून अर्थिंग असणार असं धरून चाललो होतो. दादांनी मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की आवाज येतो) लावून एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरं आयर्नच्या धातूच्या नळीला लावलं. आवाज नाही. प्लग उघडला तर आत दोनच वायरी, अर्थची पिन मोकळी. दोन पिनांची आयर्न बाजारात उघडपणे विकली जातात, ती घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असतं. इथे मात्र तिसरी पिन फक्त दाखवायला बसवलेली. आतला हीटर फुटून नळीला चिकटला तर २३० व्होल्ट थेट हातात. बझरची ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. आयर्न प्लगमधून काढूनच करा, आणि शक्य असेल तर दुकानातच करून घ्या.

तक्रारीचं सांगतो. आधी विक्रेत्याला, मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘रीळ वापरलेलं आहे’ म्हणून नकार आला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत उघड्या प्लगचे फोटो, लेबलचा फोटो आणि दोन सोल्डर वायरींच्या तुलनेचा व्हिडिओ जोडला. आयर्नचे पैसे परत आले. वायरचे नाही, ‘गुणवत्ता व्यक्तिसापेक्ष आहे’ असं कळवलं. मिश्रधातूचं प्रमाण व्यक्तिसापेक्ष कसं असतं हे त्यांनी सांगितलं नाही. ती तक्रार अजून चालू आहे.

दादांकडून घेतलेल्या वायरनं पुतणीनं तोच बोर्ड पहिल्या बैठकीत पुरा केला. रीळ घेताना दुकानदाराला वायर तिथेच लावून दाखवायला सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ऑनलाइनच घ्यायची असेल तर पार्सल फोडतानाच व्हिडिओ काढा आणि एक सांधा त्याच दिवशी करून बघा. तोच कॉम्बो आता दुसऱ्या नावानं विकायला आलाय. फोटो तोच आहे: निळं रीळ, लेबलवर ६०/४० आणि त्याखाली लेड-फ्री.